जपानीत 'तुम्ही' कसं म्हणायचं, म्हणजे खरं तर कसं टाळायचं

चाकणच्या एका प्लांटमधे इंटरप्रिटर म्हणून माझा पहिलाच आठवडा होता, जपानी भाषेची एन-३ परीक्षा नुकतीच पास झालेले त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. टेबलाच्या त्या बाजूला जपानहून आलेले बुचो, म्हणजे डिपार्टमेंट हेड, वय पंचावन्नच्या आसपास, आणि या बाजूला आमचे प्रॉडक्शनचे साहेब. साहेबांनी अगदी आदराने विचारलं की "सर, तुम्हाला काय वाटतं, दुसरी शिफ्ट लगेच चालू करावी का?" आणि मी फटकन बोलून गेले, "आनाता वा दो ओमोइमास का?" व्याकरण शंभर टक्के बरोबर. क्लासमधे असते तर मार्क मिळाले असते. इथे काय झालं, तर बुचोंनी हातातल्या पेनचं टोपण लावलं, परत काढलं, शेजारी बसलेला त्यांचा ज्युनियर एकदम वहीत डोकं घालून काहीतरी लिहायला लागला (लिहिण्यासारखं काहीही झालेलं नव्हतं), आणि मग बुचोंनी अगदी शांतपणे उत्तर दिलं. चहाच्या वेळी त्या ज्युनियरने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की बुचोंना आनाता म्हणत नाहीत हं, 'बुचो वा' म्हणायचं.

म्हणजे मी साधारण "काय हो मिस्टर, तुमचं काय मत?" असं विचारलं होतं. मोठ्या माणसाला. पहिल्या आठवड्यात.

तर हे सगळं त्यांच्यासाठी, ज्यांनी जपानी शिकायला घेतलंय आणि पहिल्या धड्यात 'वाताशी म्हणजे मी, आनाता म्हणजे तुम्ही' असं पाठ केलंय. पहिलं अर्धं ठीक आहे. दुसरं अर्धं वहीत राहू द्या, तोंडात आणू नका. जपानीत समोरच्यासाठी शब्द ढीगभर आहेत, आनाता, आन्ता, किमी, ओमाए, तेमे, किसामा, जुन्या जपानीतले नान्जी नि सोनाता वेगळेच, आणि गंमत म्हणजे रोजच्या सभ्य बोलण्यात त्यातला जवळपास एकही वापरायचा नसतो.

आणि यात फक्त आपलंच चुकतं असं नाही. १९५२ साली जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने पुढच्या काळातली आदरार्थी भाषा कशी असावी याबद्दल सरकारला शिफारस केली होती आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की समोरच्यासाठी 'आनाता' हा प्रमाण शब्द धरावा. युद्ध संपलेलं, नवी राज्यघटना आलेली, सगळे समान, मग सगळ्यांना एकच तुम्ही, कल्पना चांगलीच होती. पण सत्तर वर्षं झाली तरी कुणी बॉसला आनाता म्हणत नाही, शिक्षकाला म्हणत नाही, सासूला तर नाहीच नाही. लोकांनी शिफारस ऐकली आणि आपल्याला हवं तेच केलं.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी, काहीच म्हणायचं नाही. खरंच. वाक्यातून 'तुम्ही' उचलून बाजूला ठेवायचं. "इकिमास का?" म्हणजे येताय का, जाताय का. कोण ते समोर कोण बसलंय त्यावरून कळतं. हे आपल्याला जड जायचं काही कारणच नाही कारण आपणही "जेवलात का?" असंच विचारतो, "तुम्ही जेवलात का" म्हटलं की उलट कोणावर तरी भर दिल्यासारखं होतं. पण आपली अडचण काय होते, की मराठीत क्रियापद सांगतं, जेवलास, जेवलीस, जेवलात, तिथे माणूस शेपटीला चिकटलेलाच असतो. जपानी क्रियापदाला तशी शेपटी नाही, इकिमास म्हणजे मी जातो, तू जातोस, ते जातात, सगळंच. मग आपल्याला वाटतं अरे काहीतरी राहिलं, समोरच्याला कळणार कसं, आणि आपण घाबरून आनाता चिकटवतो. चिकटवू नका. त्याला कळतं.

कळतं कसं, तर जपानी क्रियापद माणूस सांगत नसलं तरी दिशा सांगतं, आणि कोण वर कोण खाली ते सांगतं. "कुरेमास" म्हटलं की देणं माझ्याकडे येतंय. "एकि मादे ओकुत्ते कुरेमासेन का" यात ना मी आहे ना तुम्ही, पण अर्थ एकच, मला स्टेशनपर्यंत सोडाल का. आणि "ओकुरिमाशो का" म्हटलं की मी तुम्हाला सोडू का. बस. दोन्ही वाक्यांत सर्वनाम शून्य. तसंच "इराश्शाइमास" हे क्रियापद स्वतःसाठी वापरताच येत नाही आणि "माइरिमास" हे समोरच्यासाठी वापरता येत नाही, त्यामुळे "काइगि नि इराश्शाइमास का?" "हाइ, माइरिमास" एवढ्या संवादात मीटिंगला आपण येणार का, हो मी येतो, हे सगळं आलं. खाण्यासाठी समोरच्याचं मेशिआगारु आणि आपलं इतादाकु, बोलण्यासाठी समोरच्याचं ओश्शारु आणि आपलं मोसु. ही जोडपी पाठ करायला कंटाळा येतो, मान्य, पण ही पाठ झाली ना की 'तुम्ही' ची गरज आपोआप नव्वद टक्के संपते, आणि म्हणून मी क्लासमधल्या मुलांना सांगते की केइगो, म्हणजे ही आदरार्थी भाषा, हा एन-२ परीक्षेचा वगैरे विषय नाही, आनाता सोडायचं औषध आहे ते.

आता मला जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती सांगते. जपानीत आदरार्थी क्रियापद करायचा नेहमीचा साचा आहे 'ओ-अमुक नि नारु'. नारु म्हणजे होणे. "बुचो वा इत्सु ओ-काएरि नि नारिमास का?" शब्दशः काय झालं, "साहेबांचं परत जाणं कधी होणार?" वाचा परत. हे आपल्या आज्जीचं मराठी आहे! "केव्हा येणं झालं?" "जेवणं झाली का?" "आता कुठे जाणं होणार?" माणसाने केलं असं म्हणायचंच नाही, ते आपोआप झालं असं म्हणायचं, म्हणजे बोट दाखवल्यासारखं होत नाही. मी हे एका तासाला फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरची एक कोल्हापूरची मुलगी म्हणाली "म्हणजे मॅडम जपानी लोक कायम सासरी असल्यासारखे बोलतात." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

दुसरी खूण म्हणजे शब्दाआधीचा 'ओ' आणि 'गो'. "ओ-नामाए वा?" म्हणजे तुमचं नाव. कुणाचं ते सांगायची गरज नाही, कारण स्वतःच्या नावाला कुणी ओ लावत नाही. आपल्याकडे "शुभनाव काय?" म्हणतात तेव्हा "कुणाचं?" असं कोणी विचारत नाही ना, आणि कोणी "माझं शुभनाव अमुक" म्हणालं तर हसू येतं, तसंच. ओ-शिगोतो म्हणजे तुमचं काम, ओ-सुमाइ म्हणजे तुमचं राहतं घर, गो-काझोकु म्हणजे तुमच्या घरचे. ओकासान म्हणजे तुमच्या आई आणि हाहा म्हणजे माझी आई, हे पण तसंच, "चिरंजीव काय करतात?" म्हटलं की ते समोरच्याचेच असतात. मग "आनाता नो ओ-नामाए" कशाला, दोनदा तुमचं होतं ते.

हाक मारायचीच असेल तर

बरं, कधीकधी सांगावंच लागतं की मी तुमच्याबद्दल बोलतेय, टेबलाभोवती पाच जण आहेत आणि तुम्हाला त्यातल्या एकालाच विचारायचंय. तेव्हा आडनाव अधिक सान हा मानाचा प्रत्यय. समोर तानाका बसलेत (जपानी उदाहरणांत कायम तानाकाच असतात, आपल्या राम-श्यामसारखे) तर त्यांनाच त्यांच्या तोंडावर म्हणायचं, "तानाका-सान वा इकिमास का?" म्हणजे "तानाका येणार का?" पहिल्यांदा फार विचित्र वाटतं, माणूस समोर आणि आपण त्याच्याबद्दल तिसऱ्याला विचारल्यासारखं. महिनाभरात सवय होते.

पद असेल तर पद. बुचो, काचो म्हणजे सेक्शन हेड, शाचो म्हणजे कंपनीचे प्रेसिडेंट, दुकानाच्या मॅनेजरला तेन्चो. शिक्षक, डॉक्टर, वकील, आमदार-खासदार आणि मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स काढणारे चित्रकार, हे सगळे सेन्सेइ. गिऱ्हाईक ओक्याकुसामा, पोलीस ओमावारि-सान, ड्रायव्हर उन्तेन्शु-सान. यात आपल्याला काही नवीन नाही, आपण तरी कुठे सरपंचांना नावाने हाक मारतो, तलाठी आप्पा, गुरुजी, डॉक्टर, मास्तर, असंच असतं. फक्त एक लक्षात ठेवा, सेम्पाइ म्हणून सीनियरला हाक मारता येते पण कोहाइ म्हणून ज्युनियरला मारत नाहीत, ज्युनियरला नाव. आणि स्वतःच्या नावाला सान लावायचं नाही, ही चूक सगळे पहिल्या दिवशी करतात, "कुलकर्णी-सान देस" म्हणजे "मी श्रीयुत कुलकर्णीसाहेब". बाहेरच्या कंपनीशी बोलताना तर आपल्या बॉसचंही सान काढतात, समोर शाचो बसलेले असले तरी, त्याचा मला सुरुवातीला फार त्रास व्हायचा, जीभच वळायची नाही.

नावांवरून आठवलं. आपली नावं तीन मजली, आणि लग्नानंतर माझ्या पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आलेलं. जपानच्या रेसिडेन्स कार्डवर सगळं एका ओळीत छापतात, आधी आडनाव, मग माझं, मग नवऱ्याचं. तिथल्या एका क्लिनिकमधे रिसेप्शनवरच्या मुलीला एवढं लांब वाचवेना, तिने शेवटचा शब्द उचलला आणि भर वेटिंग रूममधे मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली, वर सामा, म्हणजे सानपेक्षाही मानाचा प्रत्यय, लावून. माझी आजी जे नाव फक्त उखाण्यात घ्यायची तिथे मी त्या नावाला "हाइ" म्हणून उठले. तर टिप अशी की ओळख करून देतानाच एक छोटं, उच्चारायला सोपं नाव सांगून टाका, "अमुक तो योन्दे कुदासाइ", मला अमुक म्हणा. दोन अक्षरी असेल तर उत्तम. नाहीतर ते जे निवडतील ते तुमचं.

समोरच्याचं नाव माहीत नसेल तर सरळ विचारा, "शित्सुरेइ देस गा, ओ-नामाए वा?" ऑफिसमधे असाल तर मेइशि म्हणजे व्हिजिटिंग कार्ड मिळतंच, ते मीटिंगभर टेबलावर समोर मांडून ठेवायचं असतं, ज्या क्रमाने माणसं बसलीत त्या क्रमाने, आणि ते उगाच नाही, ते कॉपी करायला दिलेलं असतं असं समजा. रस्त्यावर अनोळखी असेल तर "सुमिमासेन" पुरतं. त्याला हाक नकोच. अगदी लागलीच तर तरुण पोरग्याला ओनीसान म्हणजे दादा, बाईला ओनेसान म्हणजे ताई. ओबासान म्हणजे काकू, आणि काकू म्हटल्यावर पुण्यात जे होतं तेच तोक्योत होतं, त्यात 'बा' जरा लांबला तर ओबाऽसान म्हणजे आजी होते. रिस्क घेऊ नका, ताईच म्हणा.

घरातली नाती बघा, ही तर अगदी आपलीच. सुझुकी ताकाओ नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात याची नीट मांडणी केली होती की जपानी घरात वरच्या नात्याला सर्वनाम वापरत नाहीत, नात्याने हाक मारतात, आणि खालच्याला नात्याने हाक मारत नाहीत, नावाने मारतात. मोठ्या भावाला ओनीचान म्हणता येतं, धाकट्याला 'अरे धाकट्या भावा' असं नाही म्हणत. आणि घरात सगळ्यात लहान मूल जे असेल त्याच्या नजरेतून सगळ्यांची नावं ठरतात, म्हणजे आईच मोठ्या मुलाला ओनीचान म्हणते, नवऱ्याला पापा नाहीतर ओतोसान, स्वतःच्या वडिलांना ओजीचान. आमच्याकडे मला भाऊ झाला त्या दिवसापासून आई मला "ताई, इकडे ये गं" म्हणायला लागली, ती काय माझी धाकटी बहीण होती का? लहान मुलांचं अजून एक मजेदार, बोकु म्हणजे मी, मुलगे स्वतःला म्हणतात तो, पण अनोळखी लहान मुलाशी बोलताना मोठी माणसं त्यालाच बोकु म्हणतात. नागोयात ट्रेनमधे एका आजींनी माझ्या मुलाला विचारलं "बोकु, इकुत्सु?" शब्दशः "मी, किती वर्षांचा?" तो चार वर्षांचा, त्याने गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि मराठीत विचारलं की या आजींना त्यांचं वय माहीत नाही का.

मग आनाता आहे तरी कशाला

आहे की, जागा आहे त्याला. समोरचा माणूस कोण आहे तेच माहीत नसेल तिथे चालतो. जाहिरात, प्रश्नावली, परीक्षेचा पेपर ("आनाता नो इकेन ओ काकिनासाइ", तुमचं मत लिहा), वेबसाइटवरचा फॉर्म. कोर्टात वकील साक्षीदाराला विचारतात तेव्हा ऐकू येतो. वयस्क बायका आपल्यापेक्षा लहान कुणाला तरी जरा मायेने म्हणतात. भांडणात म्हणतात, मुद्दाम अंतर ठेवायला. आणि जुन्या पद्धतीच्या घरात बायको नवऱ्याला म्हणते, तिथे तो 'तुम्ही' नाहीच, तो सरळसरळ 'अहो' आहे. तोच सूर, तीच ओढलेली शेवटची ता. आता विचार करा, ऑफिसात नवीन आलेल्या बाईने परक्या साहेबांना "अहो..." केलं तर. माझ्या बुचोंनी पेनचं टोपण का लावलं ते आता मला नीट कळतं.

या आनाताचं मूळ बघितलं की अजून मजा येते. तो मुळात सर्वनाम नव्हताच, त्याचा अर्थ पलीकडे, त्या बाजूला. माणसाचं नाव घेणं, त्याच्याकडे बोट दाखवणं नको म्हणून दिशेचं नाव घ्यायचं, आणि एडो काळात (१६०३ ते १८६८) तो चांगला मोठ्या मानाचा शब्द होता. आपल्याकडे पणजीच्या पिढीत नवऱ्याला काय म्हणायचे? इकडून! "इकडून सांगणं झालं होतं", "इकडची स्वारी आली". तीच युक्ती, माणूस टाळा, दिशा सांगा. जपानीत आजही ही युक्ती जिवंत आहे, कोचिरा म्हणजे इकडे, म्हणजे मी किंवा आम्ही, आणि सोचिरा म्हणजे तिकडे, म्हणजे तुम्ही. फोनवर किंवा मेलमधे "सोचिरा वा इकागा देस का", तिकडे कसं काय आहे, हे बिनधास्त वापरा, यात काही धोका नाही. ओताकु पण तसाच, मूळ अर्थ 'आपलं घर', त्यावरून 'तुम्ही', आणि कॉमिक्स-ॲनिमेवेडी मुलं एकमेकांना असल्या औपचारिक शब्दाने हाक मारायची म्हणून १९८३ मधे एका लेखात त्यांनाच ओताकु म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता बाकीचे. हे ओळखता आले पाहिजेत, वापरायचे नाहीत, निदान पहिली काही वर्षं तरी.

किमी (किलोमीटर नव्हे). वरचा खालच्याला म्हणतो, बॉस ज्युनियरला, प्रोफेसर विद्यार्थ्याला, आणि गाण्यांत प्रियकर प्रेयसीला. मूळ अर्थ राजा, स्वामी, किमिगायो या राष्ट्रगीतातला किमी तोच. त्याच अक्षराचा दुसरा उच्चार कुन, जो मुलांच्या नावापुढे लावतात. जपानच्या संसदेत अध्यक्ष सगळ्या खासदारांना अमुक-कुन अशीच हाक मारतात, बाई असो की बुवा, आणि १९९३ मधे दोइ ताकाको कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी ते सोडून सान म्हणायला सुरुवात केली तर त्याची केवढी चर्चा झाली. एका अक्षराच्या प्रत्ययाची! मी सांगते ना, इथे लोकांचे कान फार तिखट असतात.

ओमाए. पुरुष मित्र आपसात, बाप मुलाला, आणि भांडणात कोणीही कोणालाही. आपला 'तू' म्हणून समजू नका, 'तू' आपण आईला म्हणतो, देवाला म्हणतो, ओमाए आईला म्हणून बघा. गंमत अशी की ओमाएचा मूळ अर्थ देवासमोर, मोठ्या माणसापुढे, म्हणजे एकेकाळी हा वरच्यांसाठीचाच शब्द होता. २०१९ मधे नागोयाच्या चुनिचि ड्रॅगन्स या बेसबॉल टीमच्या मॅनेजरनी तक्रार केली की प्रेक्षक जे चीअरचं गाणं म्हणतात त्यात खेळाडूला ओमाए म्हटलंय, ते बरोबर नाही, त्यापेक्षा नाव घ्या, आणि मग सपोर्टर लोकांनी ते गाणंच थांबवलं. त्यावर अख्ख्या देशात वाद, एक पार्टी म्हणे यात माया आहे, दुसरी म्हणे मुलं ऐकतात. जपान्यांचंच आपसात ठरत नाही तर आपण त्या भानगडीत पडूच नये.

तेमे आणि किसामा हे ॲनिमेतून सगळ्यांना पाठ असतात आणि शंभरातला एक तरी पोरगा क्लासमधे येऊन ते टाकतोच. किसामा लिहिताना अक्षरं बघितली तर 'मौल्यवान' आणि 'सामा', म्हणजे नुसता मानच मान, सामुराई लोक पत्रांत खरोखर आदराने लिहायचे. मग तो सगळ्यांच्या तोंडी गेला, घासला, आणि एडोच्या अखेरीपर्यंत शिवी झाला. तेमे तर मूळचा 'मी', तेमाए, म्हणजे अगदी नम्रपणे स्वतःबद्दल, तो फिरून 'तू' झाला आणि तोही शिवीच. मानाचा शब्द वापरून वापरून झिजतो याला जपानी अभ्यासकांनी नियमच म्हणून नाव दिलंय. आपल्याकडे 'महाशय' बघा ना, "आले हे महाशय" म्हटल्यावर कोणी मान दिला असं वाटतं का?

ओसाकाकडे गेलात तर वेगळाच गोंधळ. जिबुन म्हणजे स्वतः, तोक्योत काही पुरुष स्वतःलाही जिबुन म्हणतात, पण ओसाकाकडच्या कान्साइ भागात तो 'तू' आहे, "जिबुन, दोको कारा किता न?" म्हणजे तू कुठून आलास. मला हे पहिल्यांदा ऐकल्यावर एका सेकंदात समजलं, कारण आपलं 'आपण'. "आपण जाऊया" मधे आपण म्हणजे आम्ही-तुम्ही सगळे, "आपण काय भीत नाय कुणाला" मधे मी, आणि "आपण कुठले?" मधे समोरचा. एकाच शब्दात तिघं. उत्तर भारतातले सहकारी जिबुनवर डोकं खाजवत बसले होते तेव्हा मी निवांत ताकोयाकि खात होते. तिथल्या बायकांचं आन्ता पण असंच, तोक्योत ते जरा उद्धट वाटतं, ओसाकाच्या भाजीवाल्या काकूंच्या तोंडी "आन्ता, कोरे ताबे" ऐकलं की घरचं वाटतं. पण ते त्यांनी म्हणायचं, आपण ऐकायचं.

लिहिताना थोडं वेगळं. मेलची सुरुवात आडनाव-सामा, मधेही तुम्ही म्हणायची वेळ आली की परत आडनाव-सामा, कितीही वेळा आलं तरी चालतं, शाळेत पुनरुक्ती टाळा शिकवलेलं विसरा. समोरच्या कंपनीला बोलताना ओन्शा, लिहिताना किशा. दोन कशाला, तर किशा उच्चाराचे शब्द जपानीत बरेच, पत्रकार किशा, आगगाडी पण किशा, तोंडी गोंधळ होतो. इंटरव्ह्यूला जाताना हे एवढं नक्की घोकून जा. बोलण्यात कंपनीच्या नावालाही सान लावतात, ते लावा, छान वाटतं त्यांना. खूप जणांना एकत्र म्हणायचं असेल तर मिनासान, मिनासामा, कुठेही चालतं. 'तुम्ही स्वतः' असं ठासून म्हणायचं असेल तर गो-जिशिन. आणि ट्रान्सलेट ॲपमधे मराठी किंवा इंग्रजी टाकून जपानी काढत असाल तर पाठवायच्या आधी त्यात आनाता शोधा आणि डिलीट करा, दहापैकी नऊ वेळा वाक्य त्याच्याशिवाय सुधारतं. उरलेल्या एका वेळी नाव टाका.

एवढं करूनही तोंडातून जाणार. माझ्या अजून जातं, दमले की, संध्याकाळच्या सहाव्या मीटिंगला. गेलं तर माफी मागत बसू नका, त्याने ते अजून ठळक होतं आणि समोरच्यालाच अवघडायला होतं, तसंही परदेशी माणसाला बरीच सूट मिळते. पुढच्याच वाक्यात त्यांचं पद घाला आणि बोलत राहा. मी तेव्हा चहानंतर आत गेले, साहेबांनी परत काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "बुचो वा, दो ओमोवारेमास का?" या वेळी पेनचं टोपण जागेवरच राहिलं.